कानातला आवाज, खोलीतला आवाज

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत गाण्यावरचा लेख ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गायकांविषयी, घराण्यांविषयी, नाट्यपदांविषयी पुष्कळ लिहून होते आणि ते वाचलेही जाते. परंतु गाणे गळ्यातून निघून तबकडीवर, टेपवर किंवा आताच्या मोबाइलमध्ये पोहोचेपर्यंत मध्ये एक माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तबला किती ऐकू यावा, पेटी गायकाच्या मागे राहावी की शेजारी, सभागृहाची आस किती ठेवावी, हे तो ठरवतो. यालाच ध्वनिमिश्रण किंवा मिक्सिंग म्हणतात. हे ठरवण्यासाठी त्याला ऐकावे लागते आणि ऐकण्यासाठी दोन साधने असतात: कानावर चढवायचा हेडफोन, नाही तर समोर मांडलेले दोन स्पीकर. स्टुडिओतल्या या स्पीकरांना ‘मॉनिटर’ म्हणतात. दोहोंपैकी खरे कोण सांगतो, हा वाद या धंद्यात फार जुना आहे.

यंदा हा विषय घेण्यास कारण आहे. माळव्यात चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत मंगळागौरीची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि काही घरांपुरत्याच असलेल्या आरत्यांच्या चाली अजून शिल्लक आहेत. त्या ज्यांच्या ओठांवर आहेत त्या आजी आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. मंडळातील तरुण मुले-मुली एक मायक्रोफोन आणि लॅपटॉप घेऊन घरोघर हे जमा करीत आहेत आणि दहा बाय बाराच्या खोलीत बसून त्याचे मिश्रण करीत आहेत. त्यांना ठिकठिकाणच्या जाणत्यांकडून एकच वाक्य ऐकावे लागते: “हेडफोनवर मिक्स करू नका, चांगले मॉनिटर घ्या.” चांगल्या मॉनिटरची जोडी, त्यांच्यासाठी खोली, खोलीला अस्तर, हा खर्च त्यांच्या आवाक्यातला नाही. मग त्यांनी हे काम करूच नये काय? इतिहास पाहिला तर हे वाक्य वाटते तेवढे सरळ नाही.

सुरुवात पॅरिसपासून करू. १८८१ साली तेथे विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे ग्राहक मांडले आणि तारा सुमारे दोन किलोमीटरवरच्या प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. प्रत्येक श्रोत्याला दोन नळ्या मिळत, एक डाव्या कानाला आणि एक उजव्या. गायिका रंगमंचावर इकडून तिकडे गेली की आवाजही एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरके. व्हिक्टर ह्यूगोने त्याच वर्षी हा प्रकार ऐकला. पुढे ‘थिएट्रोफोन’ नावाने त्याची वर्गणीदारी निघाली आणि ती १९३२ पर्यंत चालली. मार्सेल प्रूस्त त्याच्या वर्गणीदारांपैकी होता. म्हणजे ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो, ते माणसाने पहिल्यांदा ऐकले ते कानाला लावलेल्या साधनातून. मोठ्याने बोलणारा स्पीकर तोवर जन्मालाच आला नव्हता.

ध्वनिमुद्रणाचे काम मात्र तेव्हा अक्षरशः बहिऱ्याचे होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे घेतले, तेव्हा गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची, एवढीच यंत्रणा होती. मेणाची तबकडी वाजवून पाहिली तर ती खराब होई, म्हणून मूळ तबकडी ऐकायचीच नाही. ती बोटीने जर्मनीत हॅनोवरला जायची, तेथे छापली जायची आणि कित्येक महिन्यांनी येथे परत यायची. काय मुद्रित झाले हे गाणारीलाही तेव्हाच कळे. मिश्रण म्हणायचे तर एवढेच, की सारंगीवाल्याने एक पाऊल पुढे यावे आणि तबलजीने दोन पावले मागे सरावे.

हेडफोनचा खरा वापर तारायंत्र आणि बिनतारी संदेश यांत सुरू झाला. अमेरिकेत यूटामधील नॅथानिएल बाल्डविनने दोन कानांचा, पूर्वीपेक्षा कितीतरी नाजूक आवाज पकडणारा हेडफोन तयार केला. १९१० मध्ये अमेरिकी नौदलाला तो इतका आवडला की त्यांनी शंभराची मागणी नोंदवली. बाल्डविनने कळवले की एका वेळी दहाच देता येतील, कारण काम स्वयंपाकघरात चालते. ही गोष्ट आम्हांला विशेष आवडते, कारण आज या तक्रारी ऐकणारी आपली मुलेही घरातल्याच एखाद्या कोपऱ्यातून काम करीत आहेत.

स्पीकरचा जन्म त्यानंतरचा. १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्को येथे जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी आपल्या ‘मॅग्नाव्हॉक्स’ यंत्रातून मोठ्या जमावाला गाणी आणि भाषणे ऐकवली. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा, तारेच्या वेटोळ्यावर हलणारा स्पीकर मांडला. आज आपल्या घरात, गाडीत आणि मांडवात जे स्पीकर आहेत त्यांपैकी बहुतेक सर्व त्याच वंशातले. त्याच वर्षी विजेवरचे ध्वनिमुद्रणही आले, आणि काच लावलेल्या वेगळ्या खोलीत बसून, गाणे चालू असतानाच ते स्पीकरवर ऐकणारा माणूस शक्य झाला.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, ते दीड किलोवॅटचे. केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांना बिनबॅटरीचा स्फटिक संच चाले, पण त्यात स्पीकर हलवण्याइतका जोर नसे. त्यामुळे घरात एकाच्या कानाला हेडफोन आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत बसलेले, असा तो काळ होता. गाणे एकट्याने ऐकायची सवय मोबाइलने लावली असे आपण म्हणतो, परंतु तिचा आरंभ इतका मागे जातो.

आता मुद्द्याचे वळण. लंडनला ईएमआय कंपनीत ॲलन ब्लमलाइन नावाचा तरुण अभियंता होता. पडद्यावर नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकत असे. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने एक पेटंट दाखल केले, क्रमांक ३९४,३२५, आणि त्यात सत्तर दावे. आजचे स्टिरिओ जवळजवळ सगळे त्यात आहे. त्याची मूळ सूझ समजून घेतली तर पुढचा सगळा वाद समजतो. समोर दोन स्पीकर असले, तर डावा स्पीकर फक्त डाव्या कानाला ऐकू येत नाही. तो उजव्या कानालाही ऐकू येतो, किंचित उशिरा, सुमारे पाव मिलिसेकंदाने, आणि डोके मध्ये आल्यामुळे थोडा बोथट होऊन. उजव्याचेही तसेच. ब्लमलाइनने दाखवले की स्पीकरांमध्ये केवळ लहान-मोठेपणाचा फरक ठेवला, तरी या आरपार मिसळण्यामुळे कानाशी तो वेळेचा फरक बनतो आणि मेंदूला वाटते की गायिका अमुक ठिकाणी उभी आहे. म्हणजे दोन्ही आवाजांचे हवेत मिसळणे हा स्टिरिओतला दोष नसून त्याचा पायाच आहे. जानेवारी १९३४ मध्ये नव्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे मुद्रण करून त्याने हे तपासले. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी उडालेले विमान कोसळून तो गेला, वय अवघे अडतीस. त्याच्या तत्त्वावरच्या स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ उजाडले.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने १९३३ या एकाच वर्षी दोन्ही वाटा चोखाळल्या. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘ऑस्कर’ नावाचा एक पुतळा बसवला होता, त्याच्या डोक्यात कानांजवळ मायक्रोफोन होते. प्रेक्षकांनी हेडफोन लावायचे आणि पुतळ्याभोवती चाललेली कुजबुज ऐकायची. लोक दचकून मागे वळून पाहत. आणि २७ एप्रिल रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात तीन मोठ्या स्पीकरांवर ऐकवला गेला, तेव्हा नियंत्रणाच्या बटणांवर खुद्द स्टोकोव्स्की बसला होता. एक वाट कानासाठी, दुसरी सभागृहासाठी. प्रयोगशाळेने दोन्ही वेगळ्या आहेत हे जाणून केल्या होत्या. घोटाळा पुढे झाला, तो एकीसाठी केलेले दुसरीवर ऐकू लागल्यामुळे.

तो घोटाळा १९५८ ला सुरू होतो. मिल्वॉकीच्या जॉन कॉसने एक सुटसुटीत फोनोग्राफ काढला आणि त्याला खासगी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन जोडला. प्रदर्शनात फोनोग्राफ मागे पडला आणि लोक हेडफोनवर तुटून पडले. आता श्रोता स्पीकरसाठी केलेली तबकडी कानावर ऐकू लागला. बीटल्सच्या १९६५ च्या ‘रबर सोल’चे स्टिरिओ मिश्रण घ्या: बहुतेक ठिकाणी गळा उजव्या बाजूला, वाद्ये डावीकडे. दिवाणखान्यात दोन स्पीकरांवर ते खपून जाते, कारण हवा दोघांना मिसळते. हेडफोनवर मात्र गायक उजव्या कानात येऊन बसतो आणि डावा कान त्याच्यावाचून रिकामा राहतो. १९८७ मध्ये सीडीसाठी जॉर्ज मार्टिनने ते पुन्हा मिसळले. त्याआधीच, १९६१ मध्ये, सीबीएस प्रयोगशाळेतील बेंजामिन बाउअरने हेडफोनमध्ये डाव्याचा थोडा अंश मुद्दाम उजवीकडे, उशिरा आणि बोथट करून, मिसळण्याचे सर्किट सुचवले होते. म्हणजे हवा जे काम फुकट करते ते तारेने करायचे. आजच्या सॉफ्टवेअरमधली ‘क्रॉसफीड’ ही कळ त्याचीच नात.

आपल्या चित्रपटसृष्टीत या काळात काय होते? १९३१ चा ‘आलम आरा’ शेजारून जाणाऱ्या आगगाड्यांच्या खडखडाटामुळे बराचसा रात्री चित्रित करावा लागला. सेटवर ध्वनिमुद्रकाला हेडफोनशिवाय गत्यंतर नव्हते, स्पीकर लावला तर त्याचाच आवाज मायक्रोफोनमध्ये शिरणार. गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात मात्र वाद्यवृंद, गायक आणि कोरस एकत्र एका हॉलमध्ये बसत आणि तोल मायक्रोफोनपासूनच्या अंतराने साधला जाई. आपल्या इंदूरमध्ये जन्मलेल्या लताबाईंची ‘महल’ची (१९४९) हकीकत प्रसिद्ध आहे. दुरून जवळ येणारा आवाज हवा होता, म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. संगीतकार खेमचंद प्रकाश. आज तोच परिणाम उंदराच्या एका खेचीने मिळतो, पण त्या चालण्यात जी खोली आली आहे ती वेगळी. तिचा निवाडा करणाराही एका स्पीकरवर, मोनोमध्ये ऐकत होता. परळच्या राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई हे या कलेतले आपले मोठे नाव. ‘पाकीझा’ आणि ‘शोले’ यांच्या अंतिम ध्वनिमिश्रणामागे त्यांचे कान आहेत. त्यांची खोली म्हणजे पडद्यासकट एक छोटे चित्रपटगृहच, कारण प्रेक्षक चित्रपटगृहात ऐकणार. जिथे ऐकले जाणार तिथले मोजमाप, हे सूत्र तिथे कोणी शिकवावे लागले नाही.

आता स्टुडिओच्या स्पीकरांकडे. ‘मॉनिटर’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ सावध करणे. शाळेत फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावे लिहिणारा मॉनिटर आपल्याला ठाऊक आहे, स्टुडिओतलाही तोच. त्याने गोड बोलणे अपेक्षित नाही. चाळीस-पन्नासच्या दशकांत अल्टेकचे ६०४ आणि टॅनॉयचे ड्युअल कॉन्सेंट्रिक असे कपाटाएवढे स्पीकर भिंतीत बसवत. ते जोरकस होते, पण ते ज्या भिंतीत बसत त्या खोलीचाही आवाज त्यांत मिसळे. एका स्टुडिओत उत्तम वाटलेले गाणे दुसऱ्या स्टुडिओत ओळखू येत नसे.

मग छोट्या स्पीकरांचा काळ आला आणि येथे इतिहास गमतीदार होतो. बीबीसीचे अभियंते स्टुडिओंच्या लहान प्रतिकृती करून ध्वनीचा अभ्यास करीत होते, त्यासाठी त्यांना चिमुकला पण भरवशाचा स्पीकर लागला. त्यातून सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए निघाला. फूटभर उंच, बुटाच्या खोक्याहून थोडा मोठा. गाडीत मोठा स्पीकर मावत नाही आणि हेडफोन तासन्‌तास सहन होत नाही, या अडचणीतून तो जन्मला. माणसाचा बोलण्याचा आवाज त्यावर इतका खरा येई की आजही लोक जुन्या जोड्या शोधत फिरतात. दुसरा ऑराटोन, एका शंकूचा, हातात मावणारा चौकोनी डबा. खर्ज नाही, चमक नाही. परंतु मोटारीत किंवा स्वयंपाकघरातल्या रेडिओवर गाणे कसे वाटेल हे तो लगेच सांगे. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे मिश्रण करणारा ब्रूस स्वेडियन मोठमोठे स्पीकर असताना त्याच्याकडे वळे.

आणि तिसरा, सर्वांत प्रसिद्ध, यामाहाचा एनएस-१०. अकिरा नाकामुरा यांनी तो १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून तयार केला. घरगुती गिऱ्हाइकांनी आणि परीक्षकांनी त्याला नाके मुरडली: खर्ज कमी, मधला आवाज पुढे आलेला, कर्कश. तो विकला गेला तो स्टुडिओवाल्यांना. काळे खोके, पांढरा शंकू, आणि तो मिक्सरच्या माथ्यावर आडवा ठेवलेला, हे चित्र पुढची वीस वर्षे जगभर दिसले. बॉब क्लिअरमाउंटन यांच्यासारख्यांमुळे त्याचा बोलबाला झाला. त्यांनी त्याच्या तीक्ष्ण टिपेवर टिश्यू पेपरचा तुकडा लावला आणि मग जगभरच्या स्टुडिओंत टिश्यू लागले. बॉब होडास या तज्ज्ञाने तर कोणत्या टिश्यूने काय होते हे मोजून छापले! १९८७ मध्ये कंपनीने सौम्य टिपेचा ‘स्टुडिओ’ अवतार काढला आणि टिश्यूची गरज संपली. २००१ मध्ये शंकूसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेना, तेव्हा उत्पादन थांबले.

एवढा खोडीचा स्पीकर इतका प्रिय का? २००१ मध्ये फिलिप न्यूवेल, कीथ हॉलंड आणि सहकाऱ्यांनी तो अनेक मॉनिटरांच्या शेजारी ठेवून मोजला. उत्तर त्याच्या आलेखात नव्हते, वेळेत होते. त्याचे खोके बंद आहे, भोकाचे नाही, त्यामुळे खालचे सूर तो आणखी घुमवत ठेवत नाही. ठोका पडला की पडला, संपला की संपला. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर त्याचा डग्गा हात उचलताच थांबतो. ढोल आणि खर्ज यांच्यातला गोंधळ त्यावर लपत नाही. शिवाय तो सगळीकडे होता. ज्या शहरात जा, ज्या स्टुडिओत जा, तोच चेहरा. आमच्या मते दुसरे कारण पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. वाणसामानाच्या दुकानातले वजन थोडे कमी-जास्त असेल, पण ते रोजचेच असेल तर गिऱ्हाईक हिशेब बसवते.

कॅनडात राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी ऐंशीच्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवले. पडदा असताना लोकांची पसंती आश्चर्यकारकपणे जुळली. पुढे पडदा काढला की खोक्याचा देखणेपणा आणि किंमत कानावर चढून बसल्याचे त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी दाखवले. टूल एका चक्राविषयी बोलत: स्पीकर चांगला की वाईट हे ठरवतो मुद्रणावरून, आणि मुद्रण चांगले की वाईट हे स्पीकरवरून. दोन्ही टोके मोकळी, खुंटी कुठेच नाही. सराफाच्या पेढीवर कसाचा दगडच सोन्यावर घासून तपासावा, तशातली गत.

हेडफोनचे या काळात काय झाले? बायर कंपनीचा डीटी ४८ हा १९३७ पासूनच होता. १९६८ मध्ये जेनहायझरने एचडी ४१४ काढला, पिवळ्या फोमचा, मागून उघडा, हलका, कानाला न घुसमटवणारा. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन बाजारात आला. त्याचा हेडफोन सुमारे पन्नास ग्रॅमचा. गंमत अशी, की पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनांची सोय होती आणि एक नारिंगी कळ, जी दाबली की गाणे दबून दोघांना एकमेकांशी बोलता येई. एकट्यानेच ऐकणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, असे अकिओ मोरितांना वाटले होते. लोकांना तसे काही वाटले नाही, म्हणून पुढच्या यंत्रांतून ती कळ गेली. १९९१ चा सोनी एमडीआर-७५०६, गुंडाळ्या तारेचा, निळ्या पट्टीचा, आकाशवाणी-दूरदर्शनपासून लग्नाच्या व्हिडिओवाल्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात दिसतो. तो अजून बनतो आहे. ॲडेल, रेड हॉट चिली पेपर्स यांच्या मुद्रणांवर काम केलेला अँड्र्यू शेप्स याच हेडफोनवर मिश्रण करतो, आणि तसे उघड सांगतो. मागितली तर कोणतीही खोली मिळावी असा तो माणूस आहे.

शेवटचा दुवा आणखी बोलका आहे. चांगल्या हेडफोनचा आलेख कसा असावा, यावर कोणाचेच एकमत नव्हते. २०१२ पासून पुढे ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो श्रोत्यांना ऐकवून पाहिले. सर्वांत पसंत पडला तो आवाज, जो चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरचा कानाशी पोहोचणारा आवाज असतो, त्याच्या जवळचा. म्हणजे हेडफोनलाही खुंटी मिळाली ती खोलीतच.

आता आपल्या दहा बाय बाराच्या खोलीकडे येऊ. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, बारा फुटांमध्ये ४७ च्या. त्यांच्या दुपटीही, ९४ आणि ११३, तशाच घुमतात. डग्ग्याची आणि पखवाजाच्या धुमाची वस्ती याच परिसरात आहे. अशा खोलीत कितीही महाग मॉनिटर आणून ठेवा, खुर्ची दोन फूट मागे सरकवली की डग्गा वाढतो, पुढे सरकवली की नाहीसा होतो. मिश्रण करणारा मग स्पीकरचे नव्हे, भिंतींचे मिश्रण करतो. या बाबतीत साधा पण ओळखीचा हेडफोन अधिक खरा, कारण त्याला खोलीच नाही. खरखर, श्वास, मायक्रोफोनला लागलेला पदर, संपादनाचा सांधा, हेही त्यावरच सापडतात. आजींच्या ओव्यांमधला पंख्याचा आवाज आमच्या मुलांना हेडफोनवरच सापडला.

परंतु तीन गोष्टी हेडफोन लपवतो. पहिली, आवाज डोक्याच्या आत बसतो, समोर नाही, म्हणून डावे-उजवे अंतर भलतेच रुंद वाटते. दुसरी, आस. कानाशी ती इतकी स्पष्ट असते की माणूस ती कमी ठेवतो आणि स्पीकरवर गाणे कोरडे पडते. तिसरी सर्वांत घातक आणि आपल्या मांडवाशी थेट संबंध असलेली. तानपुरा रुंद वाटावा म्हणून हल्ली एका बाजूचा आवाज उलटा करून टाकण्याची युक्ती वापरतात. हेडफोनवर तानपुरा सगळीकडून वेढतो, फार सुंदर. मांडवात मात्र सगळे भोंगे बहुधा एकाच मोनो तारेवर असतात. डावे आणि उलटे उजवे तेथे एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात, आणि आरतीतून तानपुरा चक्क गायब होतो. याला ना हेडफोन सांगेल, ना समोरचे दोन स्पीकर नीट सांगतील. मिक्सरवरची ‘मोनो’ कळ दाबली की क्षणात कळते. ब्लमलाइनच्या काळापासून ती कळ कोणत्या ना कोणत्या रूपात आहे आणि तिला एक रुपयाही पडत नाही.

कानांबद्दलही दोन शब्द, कारण ही मुले रात्री-रात्री बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढवला की तास निम्मे होतात. हेडफोनवर शेजाऱ्यांची तक्रार येत नाही, म्हणून आवाज कधी चढला हे कळत नाही.

जाणत्यांच्या त्या वाक्याला आमचे उत्तर म्हणून एवढेच: मॉनिटर श्रेष्ठ आहेत ते चांगल्या खोलीत. खोलीच नसेल तर ओळखीच्या हेडफोनवर काम करण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त मिश्रण घराबाहेर नेऊन ऐकले पाहिजे. आजींच्या मुद्रणांसाठी मंडळात सध्या अशी पद्धत पडली आहे. मूळ, न मिसळलेले मुद्रण दोन वेगवेगळ्या डिस्कवर तसेच ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. मिश्रण चुकले तर पुन्हा करता येते, आजींचे गाणे पुन्हा मिळेल याची खात्री नाही. स्वच्छता आणि संपादन हेडफोनवर. मग मोनो कळ. मग एकाच जुन्या रेडिओच्या स्पीकरवर, अगदी हळू आवाजात, शब्द कळतात का ते. मग कोणाच्या तरी मोटारीत. आरत्यांची मुद्रणे यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी, मांडव रिकामा असताना, भोंग्यांवर वाजवून पाहायची आहेत. शेवटच्या रांगेत खुर्ची टाकून बसायला चार माणसे हवी आहेत, शक्यतो दोन ज्येष्ठ आणि दोन शाळकरी.